रोटाचे पीठ, खेळाची कणीक

॥ श्री ॥

एरंडोल,
आषाढ वद्य द्वितीया, शके १९४६

चि. सौ. सपना हीस नानांचे अनेक आशीर्वाद.

आईच्या अंगच्या उटण्यातून ज्याने आकार घेतला आणि तरीही सर्व आकारांच्या आधी ज्याला वंदन होते, त्या पद्मालयाच्या गजाननाची कृपा तुमच्या धुळ्याच्या बिऱ्हाडावर अखंड राहो. त्याचे स्मरण करून आता विषयाला हात घालतो. फोनवर मला ऐकू येत नाही आणि अर्धवट ऐकून सुनेशी बोलणे मला रुचत नाही, म्हणून हा पत्राचा मार्ग.

आपला पुतण्या छगन परवा धुळ्याहून आला. ओसरीवर चार माणसे बसलेली असताना मोठ्याने म्हणाला, "नाना, तुम्हनी सून कनिकना बैल करस, आनि पोरं त्या बैलसना शिंगं मोडतस!" सगळे हसले. मला हसू आले नाही.

तू लहान मुलांसाठी खेळघर चालवतेस, हे ठाऊक होते. परंतु खेळणी म्हणून पीठ? अन्नाला ब्रह्म मानणारे आपले घर. ताटात एक शीत उरले तर माझे वडील ते बोटाने टिपून घेत. त्या घरची सून परातभर कणीक मळते आणि ती परक्या मुलांच्या पायदळी जाते, हे ऐकून माझी मान खाली गेली.

शिवाय धुळ्यातल्या आपल्या गल्लीतल्या घराची पुढची खोली खेळघराला मिळावी, अशी तुझी मागणी आहे. ते घर चार भाऊबंदांचे सामाईक. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट संपवायला सगळे जमतील तेव्हा निर्णय होईल आणि मला तुझ्या बाजूने बोलावे लागेल. कोणत्या तोंडाने बोलू, ते तूच कळव.

तुझा,
जीवराम

॥

धुळे,
२७ जुलै २०२४

तीर्थस्वरूप नाना यांस सपनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मान माझ्यामुळे खाली गेली, हे वाचून दोन दिवस लेखणी हाती धरवली नाही. पण आपण विचारले आहे, तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

माझ्याकडे येणारी मुले कामावर जाणाऱ्या आयांची. कोणाची आई मार्केट यार्डात कांदा निवडते, कोणाची चार घरची भांडी घासते. दुकानातली खेळणी त्यांच्या घरी नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत. म्हणून जे हाताशी आहे त्यातूनच करते. केळीच्या सोपटाचे टोक ठेचले की रंगाचा कुंचला होतो. जुन्या वह्या भिजवून, मेथीचे पीठ घालून लगदा केला की वाट्या, मुखवटे होतात. आणि दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि कोमट पाणी यांची मऊ कणीक. हळदीने ती पिवळी, बिटाने लाल, पालकाने हिरवी होते. मीठ मुद्दाम जास्त घालते. त्याने कणीक नासत नाही, आणि मूल ती एकदा चाटते, तोंड वाकडे करते आणि पुन्हा तोंडाला लावत नाही. ही कणीक रोज फेकत नाही, नाना. झाकून ठेवली की महिनाभर चालते.

नवीन नावाचा एक मुलगा आधी दिसेल त्याला गुद्दे मारी. आता तो कणकेला गुद्दे मारतो आणि मग तिचाच लाडू करून मला देतो. "घ्या बाई, मार खाल्लेला लाडू." हे पाहिल्यावर मला ती कणीक वाया गेली असे वाटत नाही.

लहान तोंडी मोठा घास घेते, क्षमा असावी. आपण पिठाचे दिवे करतोच ना? आणि आपण पत्राच्या आरंभी ज्याला वंदन केले, त्याची आईही आधी एकटीच खेळ मांडून बसली होती ना?

तरीही चांगल्या अन्नाचे आपल्याला वाईट वाटत असेल, तर खाण्याजोगे नसलेले पीठ कुठे मिळाल्यास मी तेच वापरीन. सध्या घरमालकाच्या गच्चीवर पत्र्याखाली बसतो. पाऊस आला की मुलांना घरी पाठवावे लागते आणि घरी कोणी नसते. म्हणूनच खोलीसाठी पदर पसरते.

आपली आज्ञाधारक,
सपना

॥

एरंडोल,
श्रावण शुद्ध अष्टमी

चि. सौ. सपना हीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील शेवटचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. जन्मभर मी ती कथा व्यासपीठावरून सांगितली. पण ती जगन्माता एका दुपारी हाताशी असलेल्या वस्तूतून मूल घडवत बसली होती, हे चित्र तू डोळ्यांपुढे उभे करीपर्यंत मला दिसले नव्हते.

परवा तू कानबाईच्या सणाला येऊन गेलीस, आईसोबत जात्यावर रोट दळलास, रात्री गाणी म्हटलीस. गर्दीत बोलणे झाले नाही. आपली रीत तुला आता पाठ झालीच आहे. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, तो घरच्याच जात्यावर दळायचा, रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याच्या मुखी जाऊ द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. त्यातले काही उरले, अगदी हात धुतलेले पाणीसुद्धा, तर ते वाहत्या नदीत. इतर कोणत्याही पिठाला आपण हा मान देत नाही.

आता तुझ्या मुलांचे. कोठीच्या तळाशी जुना गहू होता, तो गिरणीतून दळून आणला. खडेमीठ मी स्वतः खलबत्त्यात कुटले आणि तू लिहिल्याप्रमाणे दोनास एक मिसळले. तुला फक्त तेल-पाणी घालायचे आहे. मी कुटत बसलो तेव्हा तुझ्या सासूबाई दारातून म्हणाल्या, "आते तुम्हले बी बालवाडीमा घाली देतस, पाटी लई जा!" बऱ्याच वर्षांनी कुंदा अशी हसली.

उद्या छगन एसटीने धुळ्याला येत आहे. फडताळातून डबा मीच काढून त्याच्या हाती देणार आहे. कुंदाला हात लावू देणार नाही, कारण हे दान माझे. मागे तू माझ्या मोतीबिंदूचा विषय काढला होतास. दिवाळीनंतर पाहू, एवढे काही अडत नाही.

रविवारी उरलेला रोट संपवायला सगळे जमतील. खोलीची गोष्ट मी काढीन. निश्चिंत राहा.

तुझा,
जीवराम

॥

धुळे,
१६ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप नाना यांस सपनाचा नमस्कार.

डबा पोहोचला. आपण स्वतः मीठ कुटलेत, हे वाचून माझे डोळे भरून आले. लग्नानंतर इतक्या वर्षांत आपण माझ्या कामासाठी काही करावे, असा हा पहिलाच प्रसंग. मुलांनी झाकण निघताच हात घातले. फार आनंदाने खेळली.

एक विचारू का? घरी रोटाचे पीठ किती उरले आहे? रविवारच्या आधी आईंनी तो डबा एकदा उघडून, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहावे, असे मला फार वाटते. पावसाळी हवा आहे. काल आईंना फोन लावला होता, पण छगनभाऊंनीच उचलला; म्हणून खुशाली विचारून ठेवून दिला. हे पत्र यांच्या कार्यालयातले एक गृहस्थ एरंडोलला येत आहेत त्यांच्या हाती देते, म्हणजे वेळेत मिळेल. कृपा करून आईंना नक्की सांगावे.

आपली,
सपना

॥

एरंडोल,
श्रावण पौर्णिमा

सौ. सपना हीस.

तुझे पत्र शनिवारी मिळाले होते. सुनेला रोटाची एवढी काळजी, म्हणून मी कौतुकाने ते घडी करून ठेवले. डबा उघडून पाहण्याचे कारण मला वाटले नाही.

काल सर्व भाऊबंद जमले. पाने मांडली, दिवा लावला, पोळ्या वाढल्या. पहिला घास घेतला आणि पंगत थांबली. रोट मिठाने कडू झाला होता. लहानांनी थुंकून टाकले, मोठ्यांनी पाण्याबरोबर गिळले. देवीच्या अन्नाची आमच्या पिढीत अशी विटंबना झाली नव्हती.

छगन म्हणाला, "हाई कोन्हं काम शे ते सांगाले पाहिजे का? कानबाईले ती आठेच व्हती. तिन्हा हात कायम मिठमा!" कोणी म्हणाले, खेळाच्या पिठाचा हात तसाच रोटाच्या डब्यात गेला असेल. मी सभेत मौन पाळले. वडीलधाऱ्याने रागाच्या भरात बोलू नये, असे शास्त्र आहे.

पण आता लिहितो. पवित्र आणि अपवित्र, भोजन आणि क्रीडा यांच्यामध्ये पूर्वजांनी जी रेषा आखली, ती तुझ्या हातून पुसली गेली असावी. जाणूनबुजून केलेस असे मी म्हणत नाही; परंतु अनवधानाने घडलेला दोषही दोषच असतो. पुढची खोली छगनला सरकी-पेंडीच्या गोण्यांसाठी द्यावी, असे ठरले. मी विरोध करू शकलो नाही. ती मुले तुझ्या घरी यावीत की नाही, याचाही तू विचार करावास.

जीवराम

॥

धुळे,
२३ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप नाना यांस सपनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र वाचले. दोष माझ्या हातचा, असे सर्वांना वाटते, तर तो माझाच असू द्या. भाऊबंदांना माझा नमस्कार सांगावा आणि माझ्याकडून क्षमा मागावी. आईंना म्हणावे, त्या दिवशी त्यांच्या हातची पोळी वाया गेली, याचे मला फार वाईट वाटते.

खेळघर आजपासून बंद केले. गच्चीवर पावसात मुलांना ठेवता येत नाही आणि खोलीची आशा उरली नाही. एका मुलीची, मोनालीची, आई एवढेच म्हणाली, "बाई, उद्या हिला कुठे ठेवू?" माझी मान वर झाली नाही, नाना. आणि का कोण जाणे, मला आपली आठवण आली.

डबा धुऊन छगनभाऊंबरोबर परत पाठवला आहे. उरलेले पीठ आणि डबा धुतलेले पाणी पांझरा नदीत सोडले.

आपली प्रकृती सांभाळावी. डोळ्यांचे दिवाळीपर्यंत लांबवू नये.

सपना

॥

एरंडोल,
श्रावण वद्य द्वादशी

चि. सौ. सपना, माझ्या लेकी,

तुझ्या पत्रातले शेवटून तिसरे वाक्य वाचले आणि मी भिंतीला टेकलो. जुन्या गव्हाचे, मिठाचे, खेळाचे पीठ कोणी नदीत सोडत नाही. त्याचे पाणी मोरीत जाते. नदीत जातो तो फक्त रोट. तुला ठाऊक होते. झाकण उघडताच जात्याचे जाडेभरडे पीठ तू ओळखलेस, कारण ते तूच दळले होतेस. मीठ मिसळले आहे या माझ्या शब्दावर विसंबून तू डबा मुलांपुढेच उघडला होतास, आणि तू अडवण्याआधी, ते गोडच लागत होते म्हणून मुलांनी चाटले, खाल्लेही असेल. म्हणूनच तू "जिभेवर ठेवून पाहावे" असे लिहिलेस. मला उघडे न पाडता तू मला सावध करीत होतीस. मी मात्र तुझ्या पत्राची घडी करून ठेवली.

डबा मीच चुकीचा दिला; रोटाचा तुझ्याकडे गेला आणि मिठाचा घरी राहिला. डोळ्यांनी फसवले, असे म्हणून सुटता आले असते. पण लाज त्याची नाही.

त्या दिवशी पहिला घास तोंडात गेला तेव्हाच मला कळले होते. आठवडाभर आधी मी स्वतः कुटलेले ते खडेमीठ माझ्या जिभेने ओळखले. छगनने तुझे नाव घेतले. मी उठून फडताळापाशी गेलो असतो तर शंका फिटली असती, म्हणूनच मी उठलो नाही. पाहिले असते तर बोलावे लागले असते. कुंदाने माझ्याकडे पाहिले आणि मी पानाकडे पाहिले. मग दुसऱ्या दिवशी बसून, शास्त्राचे शब्द जुळवून तुला ते पत्र लिहिले. त्यातले प्रत्येक वाक्य घडीव होते, सपना. खोटे बोलण्यासाठी माझी सारी विद्या मदतीला धावून आली. आजवर विद्येने मला इतके कधी लाजवले नव्हते.

तुझे पत्र आले त्या दिवशी कुंदा मला वाढताना एवढेच म्हणाली, "माले वाटनं, तुम्हीच सांगशात. म्हनीसन मी गप बठनू. तुम्हना जिभले मीठ लागनं नही का?" मी जेवलो नाही.

काल एकादशीच्या भजनाला भाऊबंद जमले होते. टाळ खाली ठेवल्यावर मी सगळे सांगितले. काही वगळले नाही. मला कळले होते, हेही. मोठ्या माणसाला रडताना पाहण्याची वेळ पोरांवर येऊ नये, म्हणून छगनच्या सुनेने मुलांना उठवून आत नेले.

छगन तडकून म्हणाला, "म्हंजे रोट परकी पोरंसनी खादा? मंग तं बठ्ठा बाटना! आनि नाना, त्या दिन तुम्ही गप, आज कबुली. तुम्हनं शास्तर खिसामा शे का? पाहिजे तव्हय काढतस, पाहिजे तव्हय ठेवतस!"

तो खरेच बोलत होता.

तेव्हा मोतीलाल आबा, आमच्यात सर्वांत वडील, भिंतीशी बसून तंबाखू मळत होते. ते हसायला लागले. "छगन, रोट कोन खास रे?"

"भाऊबंद खातस. हाई काय इचारनं?"

"मंग त्या पोरेसनी खादा. आते त्या कोन व्हयनात?"

आबांनी मळलेली चिमूट दाढेखाली ठेवली.

"कानबाईनं आपला पानमा मीठ वाढं, आनि त्या पोरेसले गोड जेवाडं. तिले आपली भाऊबंदी जास्त समजस का तुले? उचल तुन्ह्या गोण्या. भाऊबंदना घरमा भाऊबंदच बसतीन."

बायका मोठ्याने हसल्या. छगनही शेवटी हसला, पण जाताना म्हणालाच, "आबा, पुढला साल त्या पोरेसनी बी सव्वा मूठ मोजनी पडी का?" आबा म्हणाले, "मोजनीच पडी. पोरीसनी बी मोज." खोली कालच रिकामी करायला सांगितली आहे.

माझ्याच घरच्या रीतीतला हा अर्थ आबांना तंबाखू मळता मळता दिसला आणि मला दिसला नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. मी त्या दिवशी रीतीकडे पाहतच नव्हतो; माझ्या अब्रूकडे पाहत होतो. आणि खोली मिळाली म्हणून माझे देणे फिटले, असे कृपया समजू नकोस. त्या मुलांना इतके दिवस दार बंद राहिले. मोनालीच्या आईने तुला विचारलेला प्रश्न खरे तर मला विचारलेला होता.

प्रथम मनात आले की हे पत्र तू खेळघरात सर्व आयांसमोर वाचून दाखवावेस, म्हणजे दोष कोणाचा ते त्यांना कळेल. तसे एक वाक्य लिहूनही झाले होते. ते खोडले आहे. माझ्या चुकीचे ओझे तू एकदा डोक्यावर घेतलेस. ते पुन्हा तुझ्याच आवाजाने वाहायला लावणे म्हणजे तोच अपराध दुसऱ्यांदा करणे. म्हणून मी सोमवारी, पिठोरी अमावास्येला, स्वतः येतो. कुंदाही येते. त्या दिवशी घरोघर लेकरांसाठी पिठाच्या मूर्ती मांडतात. त्याच दिवशी तुझ्या मुलांसमोर आणि त्यांच्या आयांसमोर उभा राहून हे पत्र मी वाचीन. अक्षरे दिसली नाहीत तर पाठ म्हणीन. ते पाठ झाले आहे. तू मागे उभी राहा. मला पाणी लागेल.

त्यानंतर नवीनने हवे तर मला गुद्दे मारावेत.

तू दार उघडशील की नाही, हे मी गृहीत धरीत नाही. मुलांसाठी उघड. माझ्यासाठी उघडावेस, एवढी माझी योग्यता या श्रावणात राहिली नाही.

हे पत्र त्या खोलीत जे ऐकतील आणि पुढे कधी कोणाच्या हाती पडून जे वाचतील, त्या सर्वांना या लाजलेल्या वृद्धाचा आशीर्वाद: पद्मालयाचा गजानन आणि आमची कानबाई तुमच्या घरातील लेकरांचे हात सदैव कशात तरी गुंतलेले ठेवोत, तुमच्या ताटातले गोड आणि खारट ओळखणारी जीभ तुम्हाला देवोत, आणि ते ओळखल्याबरोबर बोलण्याचे बळही देवोत. सर्वांचे कल्याण असो.

तुझा,
जीवराम